डाव्या हाताचं प्रेशर

पारूमावशीकडे तराजू नव्हता. खाडीच्या बाजूला, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून एक लहानसा मच्छीबाजार होता. तिथे आत शिरल्यावर डाव्या हाताच्या तिसऱ्या ओट्यावर ती बसायची आणि सगळं वाट्यावर विकायची. मांदेलीचा वाटा, बोंबलाचा वाटा, कोलंबीचा वाटा. पनवेलला राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी मी तिला विचारलं, "मावशी, वाट्यात नग किती?"

"तू खानार हायस का मोजनार?" ती म्हणाली.

मी दोन्ही केलं. तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात मी तपासणी विभागात होतो. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. घरी आणलेले कोलंबीचे दहा वाटे मी दहा रविवार मोजले. सर्वांत लहान वाटा एकतीसचा, सर्वांत मोठा चौतीसचा. डोळ्यांनी न मोजता, नुसत्या मुठीने घातलेल्या वाट्यात तीनच नगांचा फरक. मी कौतुकाने तिला हे सांगायला गेलो, तर ती भडकली.

"माझी मच्छी घरी नेऊन मोजलीस? चोर हाय मी?" मग शेजारच्या ओट्याकडे वळून, "ए, ह्यो बग कोन आलाय. मीटरवाला!"

तेव्हापासून सगळ्या बाजारात माझं नाव मीटरवाला.

वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने आडवी, केसांत रोज ताजी वेणी. नवरा समुद्रावर गेला तो परतला नव्हता, एवढं मला माहीत होतं. ते तिने सांगितलेलं नव्हतं. मुलगा दत्ता उरणकडे बंदरात कामाला होता. मासा कापताना ती माशाकडे कधीच बघायची नाही. डोळे गिऱ्हाइकावर, तोंड चालू, आणि उजव्या हातातला कोयता आपला आपण खवले काढतो आहे, पोट फाडतो आहे, तुकडे पाडतो आहे. मासा धरणाऱ्या डाव्या हाताला मात्र त्याची किंमत द्यावी लागायची. त्या हातावर जुन्या कापल्याचे अकरा वण मी मोजले होते. नवीन कापलं की ती बोट बर्फाच्या पाण्यात बुडवायची, पदराच्या टोकात दाबून धरायची आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी भांडायला लागायची.

"अहो मावशी, डॉक्टरकडे जा, टाका पडेल."

"रगत येतं नि थांबतं. त्याला काय डॉक्टर बोलवाचा?"

वडिलांच्या आजारपणात मी रक्तदाब मोजायचं यंत्र घेतलं होतं, पाऱ्याचं. वडील गेल्यावर ते कपाटात पडून होतं. बायकोने, सुनंदाने, बोलता बोलता बाजारात ते सांगितलं आणि पुढच्या मंगळवारी दुपारी चारला पारूमावशी दारात. "माझा बी बग. डोकं लय दुखतं." मंगळवारी ती ओट्यावर बसायची नाही आणि मी कामावरून लवकर यायचो, म्हणून मंगळवार ठरला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची, डावा हात टेबलावर टाकायची आणि उजव्या हातात सुनंदाने दिलेला चहाचा कप धरायची.

"चहा पिताना प्रेशर मोजत नाहीत, मावशी."

"मग तू मोजू नको. मी चाय पितंय."

म्हणून चहा उजव्या हातात आणि प्रेशर डाव्या हातात, अशी पद्धत पडली. तीन वर्षं ती चालली. माझ्या वहीत एकशे छत्तीस नोंदी आहेत, सगळ्या डाव्या हाताच्या. एकही वरचा आकडा दीडशेच्या खाली नाही. पट्टीच्या कापडात तिच्या हातावरचा एखादा खवला चिकटून राहायचा, तो सुनंदा ब्रशने काढायची. माझ्या वहीला मावशी पोथी म्हणायची. "वाच तुझी पोथी. वाढला का कमी जाला?"

डॉक्टरांनी तिला रोजची एक गोळी दिली होती. तरी आकडा उतरत नव्हता. एका महिन्याच्या शेवटी मी तिला गोळ्यांची पाकिटं आणायला सांगितली आणि रिकामे कप्पे मोजले. तीस दिवसांत सतरा गोळ्या गेल्या होत्या. तेरा शिल्लक.

"मावशी, तेरा दिवस गोळी घेतली नाही."

ती सुनंदाकडे बघत म्हणाली, "ती गोळी खाल्ली का घडीघडी जावा लागतं. बाजारात बायांनी जावाचा कुठं? ह्याच्या डोक्यावर?"

बाजारात बायकांसाठी सोय नव्हती. पहाटे पाचपासून दुपारी एकपर्यंत ती ओट्यावर. म्हणून बाजाराच्या दिवशी गोळी नाही, आणि पाणीही नाही. रविवार, बुधवार, शुक्रवार. मी कॅलेंडर काढून बघितलं. त्या महिन्यात हे तीन वार मिळून बरोबर तेरा दिवस भरत होते. आकडा जुळला म्हणून मला तेव्हा समाधान वाटलं होतं. आज ते लिहायला लाज वाटते. तेरा दिवसांचं कारण कळल्यावर मी वहीत टीप लिहिली आणि तिला म्हटलं, "असं चालणार नाही." ती म्हणाली, "बरं." आणि पुढच्या महिन्यातही तेवढंच चाललं. आमचं घर बाजारापासून दोनशे दहा पावलांवर आहे, हे तेव्हा आम्हा दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

तो रविवार होता. सकाळी सात पस्तीसला मी तिच्यासमोर उभा होतो. तिने भरलेली पाटी उचलली आणि अर्ध्यातच खाली टाकली. बर्फ आणि पापलेटं माझ्या पायावर आली. ती ओट्याला धरून बसली, चेहरा राखेसारखा, अंगाला दरदरून घाम.

"पाठीत कोनी कोयता घातला," ती म्हणाली. "छातीतून पाठीत. कापड फाडतात तसा."

शेजारच्या बायका म्हणाल्या, रिक्षा आणा, दवाखान्यात न्या. तीच नको म्हणाली. "मीटरवाल्याच्या घरी चला. परेशर वाढलाय, तो बगेल." दोघींनी धरून तिला आणलं. सुनंदाने आतल्या पलंगावर झोपवलं. मी यंत्र काढलं आणि नेहमीप्रमाणे डाव्या हाताला पट्टी बांधली.

एकशे आठ, सत्तर.

मी पुन्हा मोजलं. एकशे सहा. तीन वर्षांत असा आकडा आला नव्हता. मला काय वाटलं ते स्पष्ट लिहितो. मला आनंद झाला. मी म्हणालो, "मावशी, प्रेशर तर एकदम छान आहे. उलट जरा उतरलंय. उपाशीपोटी, पाणी न पिता पाटी उचललीत, त्याने झालं. पाठीत चमक भरली असेल." मीठ-साखरेचं पाणी दिलं. बायकांना परत पाठवलं. दत्ताला फोन करून सांगितलं, घाबरू नकोस, प्रेशर नॉर्मल आहे.

ती कण्हत होती. मी दर अर्ध्या तासाने मोजत होतो आणि लिहीत होतो. एकशे आठ. एकशे चार. एकशे सहा. माझ्या अक्षरात, रेघ आखलेल्या रकान्यात.

सव्वानऊनंतर सुनंदा तिचे हात चोळायला बसली. ती एकदम म्हणाली, "अहो, हा हात गार आहे. हा दुसरा गरम आहे."

"घाम आलाय त्यांना."

"एकाच हाताला? दुसऱ्या हाताचं बघा ना!"

कारखान्यात टाकीतला रंग तपासताना आम्ही एक नमुना वरून घ्यायचो, एक खालून. एकाच नमुन्यावर सही करणाऱ्या पोराला मी स्वतः मेमो दिला होता. उजव्या हाताला पट्टी बांधली तेव्हा नऊ पंचवीस की नऊ पस्तीस, हे मला आठवत नाही. वहीत मी नऊ तीस लिहिलं आहे. आकडा मात्र आठवतो. एकशे शहाऐंशी, एकशे चार.

तिला नव्या पनवेलच्या दवाखान्यात नेलं आणि तिथल्या डॉक्टरांना मी वही दाखवली. त्यांनी ती एकदाच बघितली, दोन्ही मनगटं एकाच वेळी धरली, छातीला नळी लावली आणि स्कॅन करायला पाठवलं. हार्ट अटॅकचं औषध नर्सने भरून ठेवलं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवायला लावलं. स्कॅन बघून त्यांनी तोवर येऊन पोहोचलेल्या दत्ताला आणि मला आत बोलावलं. हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला तीन थर असतात. त्यातला आतला थर फाटला होता आणि रक्त दोन थरांच्या मधे घुसून वाहिनी उभी चिरत चाललं होतं. डाव्या हाताला जाणारी फांदी त्यात दबली होती. "म्हणून त्या हाताचा आकडा खोटा," ते म्हणाले. "मुंबईला न्या. आत्ता. शंभरातली एक-दोन माणसं दर तासाला जातात यात."

मी मनात गुणाकार केला. तो थांबवता आला नाही.

अँब्युलन्समध्ये दत्ता तिच्या उशाशी, मी पायाशी. खारघरजवळ गाड्या तुंबल्या होत्या. मावशी शुद्धीवर होती. वाशीच्या पुलावर आल्यावर तिने खाडीकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "भरती हाय." दत्ता रडायला लागला. "आई, बोलू नको ना!"

एक वाजून दहा मिनिटांनी आम्ही पोहोचलो. सर्जन पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दुखायला कधी लागलं?

"सात पस्तीस," मी म्हणालो. "त्यातले एक तास पंचावन्न मिनिटं माझ्या घरी गेली."

कागद घेऊन त्यांनी चित्र काढलं. हृदयाच्या दारात तीन पाकळ्यांची झडप असते. वाहिनीची भिंत फाटल्याने पाकळ्यांचा आधार सुटला होता, म्हणून झडप गळत होती. मार्ग तीन. पहिला: झडपेच्या वरचा फाटका भाग कापून तिथे कापडाची नळी शिवायची आणि पाकळ्यांची तीन टोकं पुन्हा जागेवर टांगायची. झडप तिची तिलाच राहते. दुसरा: फाट वाहिनीच्या मुळापर्यंत गेली असेल तर मूळही काढायचं, पण पाकळ्या ठेवायच्या, त्या नळीच्या आत बसवायच्या आणि हृदयाला रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या नळीला पुन्हा जोडायच्या. काम फार नाजूक आणि लांबलचक, आणि तेवढा वेळ हृदय थांबवून ठेवावं लागतं. तिसरा: मूळ आणि झडप दोन्ही काढून धातूची झडप असलेली नळी बसवायची.

"तिसरं पक्कं काम आहे," ते म्हणाले. "टिकतं. पण जन्मभर रक्त पातळ करायची गोळी, आणि सारख्या तपासण्या. प्राण्याच्या ऊतीची झडपही असते, त्याला ती गोळी तशी लागत नाही. पण ती काही वर्षांनी झिजते, आणि ही छाती दुसऱ्यांदा उघडायची वेळ आणू नये असं मला वाटतं."

दत्ता म्हणाला, "साहेब, जे पक्कं असेल ते करा. जीव वाचवा फक्त."

मावशी तिथेच स्ट्रेचरवर होती. सगळं ऐकत होती. तिने उजव्या हाताने सर्जनची बाही धरली.

"रगत पातळ करनारी गोळी नको."

"आई!"

"तू गप. डॉक्टर, माझा धंदा कोयत्याचा हाय. रोज बोट कापतं. रगत थांबला नाय तं मी ओट्यावर बसू कशी?"

"आई, धंद्याचं काय घेऊन बसलीस? मी नाय का? घरी बस, मी घालीन खायला!"

"तुझ्या बायकोच्या हातचा?" ती म्हणाली. एवढ्या वेदनेत. मग तिने दत्ताकडे बघितलंच नाही. "डॉक्टर, जाळं दोरावरून सुटलं तं आमी जाळं फेकत नाय. परत दोराला बांधतो. पाकळ्या चांगल्या असतील तं त्या टाकू नको."

सर्जन म्हणाले, "आजी, मलाही तेच करायचं आहे. पण दोरच कुजला असला तर?"

"मग तुझ्या मनाचं कर. पन आधी बग. न बगता कापू नको."

माशाकडे न बघता आयुष्यभर कापत आलेली बाई हे म्हणत होती.

"उघडल्यावर बघेन," ते म्हणाले. "पाकळ्या धड असतील तर टांगेन. वेळ जातोय असं वाटलं तर हट्ट धरणार नाही. आधी जीव."

संमतीचा कागद दत्ताने माझ्यापुढे धरला. "काका, तुमी सांगा. तुमाला समजतं. कुठं सही करू?" मी सर्जनना विचारलं, कोणत्या मार्गात शंभरातली किती माणसं वाचतात? ते म्हणाले, "शंभरांचं मी सांगेन हो. तुम्ही एकच आणली आहे." दत्ताने सही केली. साक्षीदार म्हणून मी. दोन वाजता तिला आत नेलं. नेताना तिची वेणी काढून परिचारिकेने माझ्या हातात दिली. अबोलीची होती. ती कुठे ठेवावी ते मला कळेना.

तीनच्या सुमाराला बाजारातल्या बायका टेम्पोने आल्या, रक्त द्यायला. अकरा जणी. सहा जणींच्या अंगातच रक्त कमी निघालं, त्यांना परत पाठवलं. त्या बाहेर पायरीवर बसून डॉक्टरांना शिव्या देत होत्या. "आमचं रगत चालत नाय म्हनं. रोज मच्छी खानाऱ्यांचं!" त्यातल्या एकीने मला विचारलं, "मीटरवाले, तू तर बगितलास ना परेशर? मग असा कसा जाला?" तिला टोमणा मारायचा नव्हता. ती खरंच विचारत होती. मी घड्याळ बघत राहिलो. चार. पाच. पाच चाळीस. दत्ता भिंतीकडे तोंड करून उभा होता, तो सहा तास तसाच उभा होता.

आठ वाजून वीस मिनिटांनी सर्जन बाहेर आले. फाट मुळाच्या जरा वरच थांबली होती. पाकळ्या धड होत्या. त्यांनी तिन्ही टोकं टांगली, वर नळी शिवली, हृदय चालू केलं आणि आतूनच तपासलं. गळती किंचित. "झडप त्यांचीच आहे," ते म्हणाले. दत्ता खाली बसला. मग ते पुढे म्हणाले, "वाहिनी खाली पोटापर्यंत फाटलेली आहे. ती आज शिवता येत नाही. ती तशीच राहील. तिच्यावर नजर ठेवावी लागेल."

ती तिसऱ्या दिवशी जागी झाली. डाव्या हाताची दोन बोटं, करंगळी आणि तिच्या शेजारचं, बधिर राहिली ती कायमची. मी सर्जनना विचारलं, दोन तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, "सांगता येणार नाही." ते भले माणूस होते. त्या उत्तराचा मला काही उपयोग झाला नाही.

घरी आल्यावर एका मंगळवारी मी तिला सगळं सांगून टाकलं. चूक माझी, डावा हात, दोन तास. ती चहा पीत होती. म्हणाली, "तुझ्या बायकोच्या गादीवर दोन तास लोळले. एवढा आराम मना लग्नात बी मिळाला नाय." आणि कप ठेवून दोन्ही हात टेबलावर टाकले. "घे. आता दोनी बग. चाय थंड जाली तरी चालेल."

पाचव्या महिन्यात ती ओट्यावर परत बसली. गोळ्या आता चार होत्या आणि एकही चुकवायची नव्हती. सुनंदाने आमच्या घराची एक किल्ली तिच्या कमरेच्या पिशवीत बांधून दिली. बाजाराच्या दिवशी आठला आणि साडेदहाला ती आमच्याकडे यायची, न बोलता आत जायची, न बोलता बाहेर पडायची. दाराच्या मुठीला मच्छीचा वास लागला. पाहुणे नाकं मुरडायचे. दोनशे दहा पावलं. एवढंच होतं ते.

दर वर्षी स्कॅन व्हायचा. खालच्या वाहिनीची रुंदी मी वहीत लिहायचो, मिलिमीटरमध्ये. एकोणचाळीस. बेचाळीस. शेहेचाळीस. एक्कावन्न. सर्जन म्हणाले होते, पंचावन्नच्या आसपास पुन्हा विचार करावा लागेल, आणि तो विचार सोपा नसेल. मी आलेख काढला होता. रेघ कुठे जाते ते मला दिसत होतं. तिने कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाली, "पोथी वाचू नको. चेहऱ्यावर दिसतं तुझ्या."

ती पाचव्या वर्षी वारली, उरणला बहिणीकडे राहायला होती तेव्हा, जेवून उठताना. दत्ताचा फोन आला तेव्हा मी कामावर होतो. एका मिनिटात संपलं, तो म्हणाला. मी पोहोचेपर्यंत तिला नेलं होतं, त्यामुळे मी तिला शेवटची पाहिली ती त्याच्या चार दिवस आधी, शुक्रवारी, बाजारात.

ओट्यासमोर पाच-सहा माणसं होती. ती कोणा नव्या गिऱ्हाइकाशी भांडत सुरमई कापत होती, नजर त्याच्या चेहऱ्यावर. पाटावर लाल दिसलं. मला वाटलं माशाचं असेल. मग दिसलं, तिची करंगळी कापली होती आणि तिला पत्ताच नव्हता. बधिर बोट.

"मावशी, हात!"

तिने खाली बघितलं. बोट वर धरलं. रक्त मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. तिने ते बर्फाच्या पाण्यात बुडवलं, पदराचं टोक गुंडाळलं, दाबून धरलं. माझी नजर आपोआप घड्याळावर गेली. गिऱ्हाइक म्हणालं, "आजी, राहू दे, मी दुसरीकडे घेतो." ती म्हणाली, "उभा ऱ्हा. कुठं पळतोस?"

दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी तिने पदर सोडला. बोट उजेडात धरून उलटसुलट केलं आणि माझ्यासमोर नेलं, अगदी नाकापुढे.

"बग. थांबला."

मग कोयता उचलला, आणि त्या माणसाकडे बघत, खाली न बघता, पुढचा तुकडा पाडला.